लॅपटॉपचा आवाज मागे राहतो: मदरबोर्ड बदलायचा की काय?

पेटीमास्तर_शहापूर

नमस्कार मंडळी. लॅपटॉप विंडोज ११ चा, तसा नवाच. त्यावर माझी कामं तीन. जुन्या मैफिलींचे व्हिडिओ विद्यार्थ्यांना दाखवणं, घरच्या घरी पेटी रेकॉर्ड करणं आणि खानापूरकडच्या काही मुलींचा तास ऑनलाइन घेणं. तिकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, जून ते सप्टेंबर त्यांना बेळगावला ये म्हणायला जीभ रेटत नाही.

तिन्हीकडे आवाज मागे पडतो. व्हिडिओत वादकाची बोटं पट्टीवरून उचललेली असतात आणि मग सूर येतो. ऑडासिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी तबल्याचा ठेका टाकला, त्यावर पेटी वाजवली, तर वाजवताना सगळं समेवर आणि परत लावून ऐकलं की पेटी मागे. तासाचं तर विचारू नका. मी ठेका धरतो आणि पोरगी आपली सावकाश मागून येते. तिला लय नाही म्हणावं तर समोर बसवली की चोख वाजवते.

ऐकतो ब्लूटूथ स्पीकरवर. एका दुकानात दाखवला तर मदरबोर्ड बदलावा लागेल म्हणाले आणि जो आकडा सांगितला त्यात जर्मन सुरांची बरी पेटी येईल. थोर पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरे यांच्या गावात राहून पेटी विकून मदरबोर्ड घ्यायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा. काय करावं?

अनगोळकर

ड्रायव्हर अपडेट करा.

बेळगुंदी_रताळं

आधी रिस्टार्ट केलात का? शट डाऊन नव्हे, रिस्टार्ट.

पेटीमास्तर_शहापूर

रोज रात्री बंद करतो की. त्यात आणि रिस्टार्टमध्ये फरक काय?

बेळगुंदी_रताळं

आहे ना. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाऊन करताना सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तीच परत उचलतात. म्हणजे कालचा गुंता आज तसाच. रिस्टार्ट केलं की सगळं कोरं सुरू होतं. स्लीपमधून उठवल्यावर आवाज बिघडत असेल तर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'विंडोज ऑडिओ' ही सर्व्हिस रिस्टार्ट केली तरी भागतं.

खडेबाजार_सोल्डर

मास्तर, मदरबोर्डला हात लावू देऊ नका. मी रिपेरीच्या धंद्यात आहे, म्हणून व्यवसायबंधूंबद्दल जास्त बोलत नाही. पण मदरबोर्डवरची साउंडची चिप बिघडली तर आवाज बंद होतो, खरखरतो, एका कानात येतो. उशिरा येत नाही. उशीर म्हणजे आवाज कुठेतरी रांगेत उभा आहे. रांग कुठे आहे ते शोधायचं, बास.

आणि तुमची तक्रार एक नाही, तीन आहेत. तिन्हींची कारणं वेगळी असणार. अनगोळकरांचा ड्रायव्हर त्यातल्या एखाद्याला लागू पडेल, पडणारही नाही. आधी एवढं सांगा:

ब्लूटूथ बंद करून साध्या वायरीचा इअरफोन लॅपटॉपच्या भोकात घालून तोच व्हिडिओ पाहिलात का? उशीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असतो, की तासाभराच्या मैफिलीत वाढत जातो? आणि लॅपटॉपवरच्या फाइलला होतो, की यूट्यूबवरही?

पेटीमास्तर_शहापूर

वायरचा इअरफोन लावला. व्हिडिओतला उशीर गेला. पूर्ण गेला. ब्लूटूथवर लॅपटॉपमधल्या फाइलला जास्त जाणवतो, यूट्यूबवर जवळजवळ नाही. वाढत जात नाही, सारखाच राहतो. पण वायर लावूनही ऑडासिटीत पेटी मागेच. कमी झाली, गेली नाही.

खडेबाजार_सोल्डर

झालं की निम्मं काम.

ब्लूटूथवर आवाज तसाच्या तसा जात नाही. लॅपटॉप तो आवळतो, पुड्या बांधून पाठवतो, स्पीकर पुड्या सोडतो. मध्ये हवेत एखादी पुडी गळली तर आवाज तुटू नये म्हणून स्पीकर थोडा साठा जवळ ठेवूनच वाजवायला लागतो. हा साठा म्हणजेच तुमचा उशीर. सगळ्यांकडे असतो तो एसबीसी कोडेक (कोडेक म्हणजे आवळायची पद्धत), त्यावर साधारण १५० ते २५० मिलिसेकंद धरून चाला. एपीटीएक्स लो लेटन्सी (लेटन्सी म्हणजे हाच उशीर) नावाचा प्रकार ४० च्या आसपास येतो, पण तो लॅपटॉप आणि स्पीकर दोन्हींत हवा. एकात असून उपयोग शून्य. खोक्यावर नुसतं 'ब्लूटूथ ५' लिहिलेलं बघून घेऊ नका, त्या आकड्याचा आणि उशिराचा थेट संबंध नाही.

यूट्यूबवर का जाणवत नाही? ब्राउझर सिस्टिमला विचारतो, आवाज किती उशिरा पोचणार आहे, आणि तेवढं चित्रच थांबवून दाखवतो. चित्र आधीच तयार असतं, थांबवायला काय जातं. ऑफलाइन प्लेअर हे कधी करतात, कधी नाही. शिवाय काही स्पीकर आत स्वतःची बास वाढवायची प्रक्रिया करतात आणि तो वेळ सिस्टिमला कळवतच नाहीत. मग हिशेब चुकतो.

व्हिडिओ बघायला व्हीएलसी प्लेअर वापरत असाल तर कीबोर्डवर 'जे' दाबा. एका दाबेला आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो. 'के' दाबला की उलट. तीन-चार वेळा दाबून बोटं आणि सूर जुळतात का बघा. हे त्या फाइलपुरतं. कायमचा उपाय वायर.

येळ्ळूर_राजहंसगड

होय की हो मास्तर, एवढं कशाला डोकं खाऊन घेऊलालाय. दोनशे रुपयांची वायर घ्या रविवार पेठेतनं, स्पीकरला मागं ऑक्सचं भोक असतंय. 😀

निपाणी_विज्ञानबाई

वर मिलिसेकंदांचे आकडे आलेत म्हणून थोडं वर्गातलं.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. तबलजी तुमच्यापासून दोन मीटरवर बसला असेल तर त्याचा ठोका तुमच्या कानी सुमारे ६ मिलिसेकंदांनी येतो आणि त्याची तक्रार आजवर कुणी केलेली नाही. २०० मिलिसेकंद उशीर म्हणजे तबलजी जवळपास ६९ मीटरवर बसवल्यासारखं. गणपतीत लांबच्या चौकातला कर्णा आणि जवळचा कर्णा एकच गाणं वाजवतात तेव्हा जो गोंधळ कानात होतो, तो साधारण याच मापाचा.

आणि लयीच्या भाषेत सांगायचं तर मध्यलयीत मिनिटाला १६० मात्रा धरल्या तर एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची. तुमचा ब्लूटूथ अर्ध्या मात्रेहून जास्त खातो. द्रुत २४० मात्रांवर गेलात तर मात्राच २५० मिलिसेकंदांची, मग जवळजवळ अख्खी मात्रा गेली. विलंबितात मात्र मात्रा सेकंदाची किंवा त्याहून लांब, तिथे हाच उशीर पाचवा हिस्सा किंवा कमी. 'कधी जाणवतं, कधी नाही' असं लोक म्हणतात त्याचं हे एक कारण.

नुसतं बघणाऱ्याला किती चालतं याचंही माप आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची १९९८ ची एक शिफारस आहे. त्यात आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की लक्षात येतो, मागे पडला तर १२५ पर्यंत सहसा लक्षात येत नाही, असं दिलंय. दोन्हीकडे सारखं का नाही? निसर्गात आवाज उजेडाच्या मागूनच येतो, लांबचा धोबी कपडा आपटतो तेव्हा आधी दिसतं आणि मग ऐकू येतं. पुढून आलेला आवाज मेंदूला खपत नाही.

पेटीमास्तर_शहापूर

बाई, हे मात्रांचं गणित उद्या वर्गात सांगणार. इतकी वर्षं लय शिकवतो, मिलिसेकंदात कधी मोजली नव्हती.

पुण्यातला_टिळकवाडीकर

ऑडासिटीचं मी घेतो, माझं रोजचं काम तेच आहे.

मास्तर, तुम्ही ठेका ऐकत वाजवता तेव्हा उशिरा आलेल्या ठेक्याबरोबर वाजवता. कानाला सगळं समेवरच वाटणार. ऑडासिटीच्या मते मात्र तो ठोका आधीच वाजून गेलेला असतो, कारण तिने तो पाठवला तेव्हाची वेळ ती धरते. वर तुमची पेटी माइकमधून आत यायला थोडा वेळ घेते. जायचा उशीर अधिक यायचा उशीर, दोन्ही मिळून दुसऱ्या ट्रॅकवर दिसतात. म्हणून वायर लावल्यावर कमी झाला, गेला नाही.

याला ऑडासिटीत 'लेटन्सी कॉम्पेन्सेशन' नावाची सोय आहे. प्रेफरन्सेसमध्ये, जुन्या आवृत्तीत 'रेकॉर्डिंग' खाली आणि नव्यात 'ऑडिओ सेटिंग्ज' खाली. मुळात तिथे उणे १३० मिलिसेकंद असतं. तो एक सरासरी अंदाज आहे, तुमच्या मशीनचं माप नव्हे. माप असं काढा.

तिथे आधी शून्य घाला. 'जनरेट'मधून 'ऱ्हिदम ट्रॅक' घ्या, नुसती टिकटिक. इअरफोनचा एक बोंडा माइकला टेकवा, वर उशी ठेवलीत तरी चालेल, आणि टिकटिक वाजवत दुसरा ट्रॅक रेकॉर्ड करा. आता झूम करत जा, इतकं की एक टिक पडद्याच्या रुंदीएवढी दिसेल. वरच्या ट्रॅकवरची टिक जिथे उभी चढते तिथून खालच्या ट्रॅकवर तीच टिक जिथे चढते तिथपर्यंत माउसने ओढा. खाली निवडीची लांबी दिसते. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत दाखवायला सांगा. समजा ०.१६२ आलं, तर कॉम्पेन्सेशनमध्ये उणे १६२ घाला. परत एकदा तेच करून बघा, टिकेखाली टिक आली पाहिजे.

दोन सूचना. हे माप वायरवरच घ्या. ब्लूटूथचा उशीर जोडणीगणिक बदलतो, आजचा आकडा उद्या लागू पडेलच असं नाही. आणि ठेका कायम इअरफोनवरच ऐका, नाहीतर तबला पेटीच्या ट्रॅकवर शिरतो आणि मग तो काढता येत नाही.

अनगोळकर

आणि त्या दिवशी माझ्या मेहुण्याला आपलाच आवाज कानात उशिरा येत होता, घुमल्यासारखा. त्याला काय?

पुण्यातला_टिळकवाडीकर

ते वेगळं आणि सोपं. कुठेतरी माइकचा आवाज परत कानात सोडलाय. ऑडासिटीत 'प्लेथ्रू' चालू असेल तर बंद करा. नसेल तर जुन्या कंट्रोल पॅनेलच्या साउंडमध्ये 'रेकॉर्डिंग', तुमचा माइक, 'लिसन' टॅब, तिथली 'लिसन टू धिस डिव्हाइस'ची टिक काढा. ही टिक कोण लावतं देव जाणे, पण निम्म्या लॅपटॉपवर सापडते.

खडेबाजार_सोल्डर

निम्म्या नाही हो, पण सापडते खरी.

बफरचं पण सांगून टाकतो, कारण संगीतवाले हमखास विचारतात. आवाज थेंबाथेंबाने न पाठवता वाटीने पाठवतात, ती वाटी म्हणजे बफर. ४८००० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८००० नमुने घेताना, २५६ नमुन्यांची वाटी भरायला ५.३ मिलिसेकंद, १०२४ ची भरायला २१.३. वाटी लहान केली की उशीर कमी, पण मशीन दमलं की आवाज तडतडतो. मोठी केली की उलट. विंडोज स्वतः साधारण १० मिलिसेकंदांच्या हप्त्याने काम करतं. म्हणजे लॅपटॉपच्या आतला उशीर ब्लूटूथपुढे किरकोळ. नुसते व्हिडिओ बघणाऱ्याने या भानगडीत पडू नये.

पडायचंच असेल तर आधी हे करा: सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, तुमचा स्पीकर, आणि 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' ऑफ. लॅपटॉप कंपन्या 'थिएटरसारखा आवाज' म्हणून जी रंगरंगोटी करून देतात ती पण बंद. प्रत्येक थर आपला वेळ घेतो. तेवढ्याने नाही भागलं तर मग अनगोळकरांचा ड्रायव्हर. त्यातही अपडेटच करायला पाहिजे असं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडच्या चिपवर 'अपडेट ड्रायव्हर', मग कॉम्प्युटरवरची यादी निवडून 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' हा विंडोजचा साधा ड्रायव्हर घालून बघा. त्यात झगमगाट नाही, पण लफडीही कमी. नाही पटलं तर मागचा परत घालता येतो.

कडोलीचा_वाचक

विषयाला धरूनच विचारतो. गावातल्या साहित्य संमेलनाचं चित्रण मोबाईलवर केलं, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. लॅपटॉपवर जोडताना सुरुवात बरोबर बसते, अध्यक्षीय भाषण संपेपर्यंत ओठ एकीकडे आणि शब्द एकीकडे. जे-के दाबून कसं जमणार, सुरुवात जुळवली की शेवट जातो.

पुण्यातला_टिळकवाडीकर

तुमचा आवाज मागे नाही, सरकतोय. दोन वेगळे आजार आहेत, म्हणूनच सोल्डरांनी वर 'वाढत जातो का' विचारलं.

प्रत्येक यंत्रात स्वतःचं घड्याळ असतं आणि कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. दोघांत दहा लाखांत ५० इतका फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंद. ओठांवर दिसायला एवढं पुरतं. पण तुमचा फरक किती आहे? तासाला तीन-साडेतीन सेकंद असेल तर घड्याळाचा दोष नाही, फ्रेमचा आहे. चित्रण २९.९७ फ्रेमचं आणि एडिटिंगचा प्रकल्प ३० चा असं झालं की तासाला ३.६ सेकंद बरोबर निघतात.

कडोलीचा_वाचक

मोजलं. ना धड पाव सेकंद, ना साडेतीन. मधेच कमी होतो, मधेच वाढतो.

पुण्यातला_टिळकवाडीकर

मग मोबाईलची सवय. उजेड कमी झाला की बरेच मोबाईल सेकंदाला कमी फ्रेम घेतात, उजेड वाढला की जास्त. मांडवात असं होणारच. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला हे पचत नाही. फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून काढा, फुकट आहे, 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून. मग जोडा. उरलेला फरक सरळ रेषेत वाढणारा असेल, तो आवाज किंचित ताणून बसवता येतो. पुढच्या वर्षी कार्यक्रम सुरू होताना आणि संपताना कॅमेऱ्यासमोर एक कडक टाळी वाजवा. दोन टाळ्या जुळवल्या की मधलं आपोआप जुळतं.

येळ्ळूर_राजहंसगड

संमेलनात टाळ्यांना काय तोटा.

कडोलीचा_वाचक

त्या भाषणाच्या मधे पडतात हो, अडचण ती आहे.

पेटीमास्तर_शहापूर

ऑडासिटीचं माप घेतलं. टिकेखाली टिक आली. तीनताल, मध्यलय, समेवर सम. वायर शहापुरातच मिळाली. व्हिडिओचं तर कधीच मिटलं.

राहिला तास. इथेही वायर लावली, तरी पोरगी मागेच आहे.

खडेबाजार_सोल्डर

ती मागेच राहणार मास्तर. यात तिचा दोष नाही आणि लॅपटॉपचाही नाही.

तुमचा ठोका तिच्यापर्यंत जायला समजा १५० मिलिसेकंद. ती त्या ठोक्यावर बरोबर वाजवते. तिचा सूर तुमच्याकडे यायला आणखी १५०. तुम्हाला तो ३०० नंतर ऐकू येतो. बाईंच्या हिशेबाने मध्यलयीत जवळजवळ मात्रा गेली. तिच्या घरी ती समेवर आहे, तुमच्या घरी नाही. दोघं आपापल्या जागी बरोबर.

पेटीमास्तर_शहापूर

खानापूर इथून हाकेच्या अंतरावर. एवढा वेळ लागतो कुठे?

निपाणी_विज्ञानबाई

अंतराला लागत नाही. काचेच्या तंतूतून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. बेळगाव ते खानापूर पंचवीसेक किलोमीटर म्हणजे मिलिसेकंदाचा आठवा भाग. डेटा आधी पाचशे किलोमीटर बेंगळुरूला जाऊन परत आला तरी जाऊन-येऊन पाच मिलिसेकंद. बाकीचा सगळा वेळ दोन टोकांना, म्हणजे आवळणं, साठवणं, वायफायवर नंबर लागायची वाट बघणं, परत सोडणं. साध्या बोलण्यासाठी एका दिशेला १५० मिलिसेकंदांपर्यंत चालतं, असं याच संघाच्या दुसऱ्या शिफारशीत आहे. बोलताना आपण एकमेकांसाठी थांबतो म्हणून चालतं. ठेका थांबत नाही.

संकेश्वरी_मिरची

मी कथक शिकवते, माझा यातला अनुभव आहे. इथून ठेका द्यायचं सोडून दिलं. तबल्याचं अॅप किंवा लेहरा (तालाच्या आवर्तनाची फिरती धून) मुलीच्या घरी, तिच्याच दुसऱ्या फोनवर लावायचा. ती त्यावर वाजवते, दोन्ही आवाज एकाच माइकमधून एकत्र निघतात आणि उशिरा का होईना, माझ्याकडे एकत्र पोचतात. लय मला बरोबर कळते. आपण मात्र त्या वेळी माइक बंद ठेवायचा आणि टाळी अजिबात द्यायची नाही. शिक्षकाचा हात आपोआप उठतो, तो आवरायचा. एकत्र वाजवणं ऑनलाइन होत नाही हे एकदा स्वीकारलं की तास सुरळीत चालतो.

अजून एक. झूम वापरत असाल तर 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा, दोन्हीकडे. नाहीतर ते तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून पुसून टाकतं. पेटीचा लांब धरलेला सूरही असाच विरत जातो. बरेच पालक त्याला 'नेट गेलं' म्हणतात.

पेटीमास्तर_शहापूर

ताई, हे विरणं मी रोज बघतोय आणि मुलींना भाता नीट मारा म्हणून ओरडतोय! दोन्ही गोष्टी आजच करतो.

पुण्यातला_टिळकवाडीकर

अगदी हौसच असेल तर जॅमुलस आणि सोनोबस ही फुकट सॉफ्टवेअर वादकांसाठीच केलेली आहेत, उशीर बराच कमी होतो. पण दोन्ही घरी राउटरपासून वायरने इंटरनेट, वायरचा हेडफोन आणि जरा धीर लागतो. मोबाईलच्या डेटावर त्याच्या नादी लागू नका.

आणि तासाला ब्लूटूथ हेडसेट वापरणाऱ्या मुलींना सांगा, माइक लॅपटॉपचा किंवा फोनचा निवडा, हेडसेटचा नको. हेडसेटचा माइक चालू झाला की जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर येणारा आवाजही टेलिफोनच्या दर्जाला उतरतो. सूर ओळखू येईल, रंग येणार नाही.

अनगोळकर

माझा आवाज उशिरा येत नाही पण पहिला शब्द खातो. 'नमस्कार'चं 'स्कार' ऐकू येतं.

खडेबाजार_सोल्डर

वीज वाचवायला साउंडची चिप थोडा वेळ आवाज नसला की झोपते. उठेपर्यंत पहिला शब्द गेला. चार्जर लावल्यावर होत नाही आणि बॅटरीवर होतं, असं असेल तर नक्की हेच. बॅटरी सेव्हर बंद करून बघा, साउंडच्या ड्रायव्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर मॅनेजमेंट असेल तर तेही. ब्लूटूथ स्पीकर पण असंच झोपतात, तिथे आपल्या हातात काही नाही.

तडतडून तडतडून आवाज मागे पडत असेल तर ती भानगड निराळी. एखादा ड्रायव्हर, बऱ्याचदा वायफायचा, प्रोसेसर अडवून बसतो. वायफाय बंद करून फाइल लावा. तडतड थांबली तर चोर सापडला. लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर चोराचं नावही सांगतं.

संकेश्वरी_मिरची

सोल्डरदादा, माझं उलटं आहे. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडते, आवाज लॅपटॉपच्या ऑक्समधून मोठ्या स्पीकरला. घुंगरू आधी वाजतात, पाय मग पडतो.

खडेबाजार_सोल्डर

टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसतो, त्यात चित्र मागे पडतं. टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा. नाहीतर आवाजही टीव्हीतूनच काढा, स्पीकर टीव्हीच्या मागे जोडा, मग दोन्ही एकदमच येतील. तरी राहिला तर व्हीएलसीत 'के'.

बेळगुंदी_रताळं

विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स वापरणाऱ्यांना कुणी विचारत नाही इथे. ब्लूटूथवर तोच प्रकार.

पुण्यातला_टिळकवाडीकर

'पाव्हूकंट्रोल' हे आवाजाच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर टाका. त्यात 'आउटपुट डिव्हाइसेस', ब्लूटूथ स्पीकरखाली 'अॅडव्हान्स्ड' उघडलं की 'लेटन्सी ऑफसेट' मिलिसेकंदात घालता येतो. स्पीकर जो वेळ लपवतो तो तिथे लिहायचा, मग प्लेअर चित्र तेवढं थांबवतो. २०० पासून सुरू करा, कुणी बोलत असलेला व्हिडिओ लावून 'प', 'ब', 'म'ला ओठ मिटतात तिकडे बघत दहा-दहाने मागेपुढे करा. आणि तुमचा ब्लूटूथचा डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये हार्डडिस्कच्या शेजारी असेल तर तिथून काढून दुसऱ्या बाजूला लावा. त्या पोर्टची गडबड २.४ गिगाहर्ट्झवर सांडते आणि ब्लूटूथ तिथेच राहतो. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेलंत तर अजून बरं.

बेळगुंदी_रताळं

डोंगल हार्डडिस्कला चिकटूनच होता. हलवला, तुटणं थांबलं. ऑफसेट १८० वर बसला.